टपालाच्या जुन्या तिकिटांचें प्रामाण्य

दप्तरांतील १८५४ नंतरचीं पत्रें चाळतांना लखोट्यांवर डकविलेलीं तिकिटें आढळतात. संशोधक मजकूर उतरून घेतो, संग्राहक तिकीट कापून नेतो. आणि पुढें तें तिकीट अस्सल कीं बनावट असा वाद पडला म्हणजे निर्णयाचें मुख्य साधनच नाहींसें झालेलें असतें. अशा वादांत ‘कागद अस्सल तर तिकीट अस्सल’ हें प्रमाण पुष्कळदां पुढें करण्यांत येतें. तें कितपत टिकतें, हें येथें पाहावयाचें आहे.

१८५४ सालीं कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरींत अर्धा, एक व चार आण्यांचीं तिकिटें शिळाछापावर काढण्यांत आलीं. त्यांच्या कागदांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुद्राचिन्हाचें जलचिन्ह होतें. परंतु तें एकेका तिकिटापुरतें नसून सबंध तावावर पसरलेलें होतें. त्यामुळें एखाद्या तिकिटावर त्याची एखादीच रेघ येते, आणि तावाच्या कडेच्या तिकिटावर तीही येत नाहीं. अर्थात् जलचिन्ह दिसत नाहीं एवढ्यावरून तिकीट बनावट ठरविणें अन्यायाचें होय. ह्याच मालिकेंतील दोन आण्यांचें हिरवें तिकीट मात्र टांकसाळींत उठावाच्या ठशावरून छापलेलें आहे. अशा छपाईंत शाई रेषेच्या कडांकडे सरते व कागद किंचित् दबतो. शिळाछापांत ती सपाट बसते. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर भिंगाखालीं पहिला प्रकार दिसल्यास मात्र संशयास सबळ कारण आहे.

आतां उलट बाजू. फ्रान्समधील ज्याँ द स्पेराती (मृत्यु १९५७) हा स्वस्त पण अस्सल तिकिटें घेई, त्यांवरील चित्र रसायनांनीं धुऊन काढी, आणि त्याच कागदावर दुर्मिळ तिकिटाचें चित्र छापी. कागद, जलचिन्ह, छिद्रें, पुष्कळदां टपालाचा शिक्काही खरा; खोटें काय तें चित्र. जुन्या कोऱ्या कागदावर मागाहून सनद लिहावी, तशांतलाच हा प्रकार. त्याचा साठा १९५४ सालीं ब्रिटिश फिलॅटेलिक असोसिएशननें विकत घेतला.

पुनर्मुद्रण हा वर्ग ह्या दोहोंहून निराळा. १८४० सालच्या इंग्लंडच्या काळ्या पेनी तिकिटाचें पुनर्मुद्रण १८६४ च्या सुमारास राजघराण्याकरितां अधिकृतपणेंच काळ्या शाईंत झालें. परंतु त्यांत राणीच्या मुखाचा ठसा नव्यानें दुरुस्त केलेला आहे, आणि जलचिन्हांतील मुकुट मूळच्याहून मोठा व उलटा आहे. त्यास बनावट म्हणणें चूक. १८४० चें म्हणणें त्याहून मोठी चूक.

सारांश, कोणतेंही एक प्रमाण पुरेसें नाहीं. कागद, छपाईची रीत, ठसा व शिक्का ह्यांची एकवाक्यता पाहिली पाहिजे. आणि तिचा उत्तम साक्षीदार म्हणजे अखंड लखोटा. त्यावरील शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलेला असतो, तारखेचा मेळ घेतां येतो, हंशीलही ताडून पाहतां येतें. १८५४ च्या दराप्रमाणें पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा व अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा पडे. हलक्या पत्रावर भारी तिकीट असेल तर त्याचें कारण शोधावयास हवें. कापलेल्या तिकिटाजवळ ही साक्ष उरत नाहीं. म्हणून दप्तरें ज्यांच्या हातीं आहेत त्यांस आमची विनंति एवढीच, कीं लखोट्यास कात्री लावूं नये. तिकीट हाही त्या कागदाचा मजकूरच आहे.