खुणांचा अर्थ आणि आज्ञांचीं पुस्तकें

संगणकाच्या आज्ञा समजावून देणाऱ्या पुस्तकांस वाङ्मय म्हणण्याचा प्रघात नाहीं. परंतु फायली पुसण्याच्या आज्ञेंत एक मोकळी जागा भलत्या ठिकाणीं पडली, तर वाचकाचें महिन्याचें काम नाहींसें होऊं शकतें. तेव्हां अशा पुस्तकांच्या छपाईचें परीक्षण कोणीं तरी करावयास हवेंच.

‘युनिक्स’ची पहिली पुस्तिका केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९७१ च्या नोव्हेंबरांत सिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंतील संकेत मोजकेच आहेत: अधोरेखित शब्द जसाच्या तसा टंकावा; चौकटी कंसांतील पद ऐच्छिक समजावें; तीन टिंबें असल्यास मागील पद पुन्हां घेतां येतें. प्रत्येक आज्ञेखालीं तिचे दोष सांगण्याचीहि सोय आहे. (हा प्रामाणिकपणा आमच्या ग्रंथकारांनीं निदान प्रस्तावनेपुरता तरी उचलावा!) पुढें १९७९ च्या सातव्या आवृत्तींत जसेच्या तसे टंकावयाचे शब्द जाड टाईपांत आहेत. वाचकानें बदलून घालावयाच्या शब्दांकरितां आज तिरपा टाईप रूढ आहे. पण पडद्यावर तिरपीं अक्षरें बहुधा उमटत नाहींत, म्हणून त्यांच्या जागीं अधोरेषा येते. म्हणजे जी रेघ एके काळीं ‘हेंच टंका’ असें सांगत होती, तीच आतां ‘हें टंकूं नका’ असें सांगते! कंस व टिंबें मात्र आपल्या अर्थास चिकटून राहिलीं. अक्षराच्या वळणावर टांगलेला अर्थ यंत्र बदलतांच गळून पडतो; स्वतंत्र चिन्हाचें तसें होत नाहीं. रंगावर सारी भिस्त ठेवणाऱ्या हल्लींच्या पुस्तिकांस हें कोणी सांगावें? काळ्या शाईंत छापतांच त्यांचा अर्धा अर्थ मावळतो.

मराठी भाषांतरकारानें तर अधिकच जपावें. देवनागरींत मोठीं अक्षरें नाहींत. तिरपा टाईप हा उसना, ओढूनताणून कललेला. आणि अधोरेषा ओढली कीं उकार व ऋकार तिच्यांत अडकतात. कोनी कंस वापरावे, तर ते युनिक्सच्या आज्ञेंत फायलीकडे मजकूर वळविण्याचीं चिन्हें ठरतात. नवशिक्यानें ते तसेच टंकले, तर भलतेंच घडावयाचें. त्यापेक्षां आज्ञा स्वतंत्र ओळींत, पूर्णविरामावांचून छापावी आणि तिच्याखालीं सरळ लिहावें: ‘दुसऱ्या शब्दाच्या जागीं आपल्या फाईलचें नांव घालावें.’ एक ओळ वाढेल; कागद तेवढा महाग झालेला नाहीं.