ढ टीव्ही आणि हुशार डबी

नाटकावर टीका होते, सिनेमावर होते, कादंबरीवर तर ती न वाचताही होते. पण हे सगळे घरात ज्या फडताळात ठेवायचे, त्या फडताळावर कोणी चार ओळी टीका लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव मी आज भरून काढणार आहे. तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. काही नाही. मी बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात 'आशय आणि अभिव्यक्ती' नव्हते, 'कॉस्टिंग आणि ऑडिट' होते, आणि पुढची वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. त्यामुळे ही समीक्षा मध्येच ऑडिट रिपोर्टासारखी वाटू लागली तर वाचकांनी समजून घ्यावे. साहेब घेत नाहीत, निदान तुम्ही घ्या.

फडताळ म्हणजे आमचे मध्यवर्ती करमणूक भांडार. भाचा त्याला 'नॅस' म्हणतो. कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली, ब्रेडच्या लादीएवढी एक पेटी. तिच्या पोटात दोन-दोन टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क. आणि तिची एक वायर राउटरला. घरात जे जे दिसणारे आणि ऐकू येणारे होते ते ते तिच्यात गेले. व्हीसीडी गेल्या (तीन तासांचा सिनेमा तीन तबकड्यांत असायचा आणि तिसरी हटकून हरवलेली असायची, त्यामुळे कितीतरी सिनेमांचा शेवट आम्हाला अजून ठाऊक नाही), डीव्हीडी गेल्या, भजनाच्या कॅसेटी गेल्या, मोबाइलमधले वाढदिवस गेले. एका डिस्कवर लिहिले की दुसरीवर आपोआप तेच उमटते. भाचा म्हणाला, "मामा, आता काही हरवायचं नाही." मी काही बोललो नाही. 'आता चूक व्हायची नाही' असे सांगणारे पुष्कळ लोक आमच्या शाखेत येऊन गेले आहेत.

पण हा सगळा उद्योग खरा एका कॅसेटसाठी होता. माझी मुंज, १९८७. त्या काळी मुंजीचे व्हिडिओ शूटिंग म्हणजे चैन होती, पण बाबांनी हौसेने केले. घरात व्हीसीआर नव्हता. कॅसेट बघायची तर तो भाड्याने आणायचा, आणि आणलाच आहे तर म्हणून रात्रभरात आणखी तीन सिनेमे बघून त्याचे भाडे वसूल करायचे. बाबा २०१५ साली गेले. फोटो आहेत पुष्कळ, पण फोटोत माणूस बोलत नाही. या मुंजीत ते एकदा बोलतात. एकच वाक्य, शूटिंगवाल्याला उद्देशून: "अहो, तो दिवा जरा बाजूला घ्या, मुलाच्या डोळ्यांवर येतोय." तेवढे ऐकायला आईला ती मुंज हवी होती.

कॅसेटला माळ्यावर पांढरी बुरशी आली. बुरशी आली नसती तरी ती लावणार कशावर? व्हीसीआर करणाऱ्यांत अगदी शेवटपर्यंत टिकलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेसुद्धा २०१६ च्या जुलैत ते काम थांबवले. सुदैवाने २००७ साली एका स्टुडिओवाल्याकडून मी तिची डीव्हीडी करून घेतली होती. दोन तासांची कॅसेट उतरवायला दोनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. त्यामुळे त्या गृहस्थाने ती मुंज संकल्पापासून भिक्षावळीपर्यंत पाहिली. इतक्या लक्षपूर्वक ती भटजींनीही पाहिली नव्हती. पुढे ती डीव्हीडीसुद्धा रुसली. यंत्र तिला गरागरा फिरवते आणि न बोलता परत देते. म्हणजे शिल्लक राहिली ती पेटीतली प्रत.

आता टीव्हीकडे वळतो, कारण कलाकृतीचे मूल्यमापन रंगमंचाशिवाय होत नाही. आमचा टीव्ही २०१० सालचा, बत्तीस इंची. हा स्मार्ट नाही. भाचा त्याला 'डंब' म्हणतो. आमच्या शाळेत याला सरळ 'ढ' म्हणत. हिचे मत, टाकावा आणि नवा घ्यावा. मी विरोधात आहे, आणि तो केवळ चिकटपणाने नव्हे. ढ मुलाचा एक गुण मास्तरांच्या ध्यानात येत नाही: जे तो शिकलाच नाही, ते तो विसरतही नाही. २०१९ च्या डिसेंबरात काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स चालेनासे झाले. काच शाबूत, रंग शाबूत, बुद्धी तेवढी गेली. शिवाय हुशार मूल चोंबडेही असते. २०१७ साली अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला बावीस लाख डॉलर भरावे लागले, कारण तिचे टीव्ही लोक काय बघतात त्याची नोंद त्यांना न विचारता ठेवत होते. असे टीव्ही एक कोटी दहा लाख. आमच्या टीव्हीला आम्ही समोर बसलो आहोत हेच माहीत नाही.

मात्र ढ तो ढच. त्याला यूएसबीचे भोक आहे म्हणून मी आधी पेनड्राइव्ह लावून पाहिला. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला असला तर चार गिगाबाइटच्या वरची एक फाईल आत घेत नाही. आमच्या पूर्वीच्या रोखपालासारखा, नोटा मोजल्या की वरच्या बाजूला ठेवा म्हणतो. बारकी फाईल घेतली, तर आवाज आला, चित्र नाही. दुसरी लावली, चित्र आले, आवाज नाही. दोन्ही एकदम लावता आल्या असत्या तर बरे झाले असते.

भाच्याने तेव्हा मला एक गोष्ट समजावून दिली, ती अशी. फाईलच्या नावापुढे एमकेव्ही वगैरे जे लिहिलेले असते ते डब्याचे नाव, भाजीचे नव्हे. डबा उघडला म्हणजे भाजी पचेलच असे नाही. आतली भाजी वेगवेगळ्या पद्धतीने दाबून भरलेली असते. २००३ सालची पद्धत एच.२६४, ती आमच्या टीव्हीला येते. २०१३ साली एच.२६५ आली, तेच चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसते. पण आमचा टीव्ही २०१० च्या बॅचचा, हा पोर्शन त्याला नव्हताच. त्याला नापास करण्यात काय अर्थ?

यावर तोड म्हणजे टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली डबी. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक, रास्पबेरी पाय. मूळचा ब्रिटनचा, २०१२ सालापासून मिळतो. आमचा चौथा अवतार, २०१९ चा, त्याला एच.२६५ येते. त्यावर 'कोडी' नावाचा कार्यक्रम घातलेला आहे. हा मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी काहींनी हौसेने लिहिला होता, २०१४ साली त्याचे बारसे पुन्हा होऊन कोडी झाले. ही डबी पेटीतली फाईल मागवते, भाजी सोडवते आणि एचडीएमआयच्या वायरीतून तयार चित्र टीव्हीला देते. परीक्षेत शेजारी हुशार मुलगा बसला की ढ मुलगाही पास होतो, आणि ती वायर म्हणजे कॉपी सरकवायची वाट. एकूण खर्च नव्या टीव्हीपेक्षा कमी आला, असे मी हिला सांगितले. पेटीचे बिल मी त्यात धरले नव्हते. ते भांडवली खर्चात जाते.

इथवर कलाकृती निर्दोष आहे. दोष पुढे आहेत.

बँकेत पूर्वी लेजर असत. एक लेजर सापडले नाही तर एक खातेदार थांबे. मग कोअर बँकिंग आले, सगळे मध्यवर्ती झाले, आणि लाइन गेली की अख्खी शाखा थांबू लागली. 'कनेक्टिव्हिटी नाही' ही पाटी आम्ही तेव्हा चांगल्या अक्षरात रंगवून घेतली. घरीही तेच. पूर्वी व्हीसीडी अडकली तर एक सिनेमा अडके. आता मुलाने राउटरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला की आमच्या तीन पिढ्यांची करमणूक एकदम बंद पडते.

दुसरा दोष रिमोटचा. आमच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची; त्यात चोराची गैरसोय व्हावी हा हेतू असतो. आमच्या टीव्हीला टीव्हीचा एक, केबलच्या पेटीचा एक आणि डबीसाठी चिमुकला कीबोर्ड अशा तीन किल्ल्या होत्या आणि गैरसोय आईची होत होती. ती बिचारी केबलच्या रिमोटने डबी चालवू पाही, आणि मग बातम्या लागत. पुढे कळले की टीव्हीच्याच रिमोटने डबी चालवायची सोय एचडीएमआयमध्ये असते. तिचे खरे नाव सीईसी, पण सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. एकाच देवाची तीन गावांत तीन नावे असतात तसे. आमच्या टीव्हीत ती सेटिंगच्या पोटात, बंद करून ठेवलेली होती. म्हणजे कीबोर्ड हातात धरून आम्ही सहा महिने उगाच काढले. सोय करून ती लपवून ठेवायची, ही कल्पना फक्त बँकांना सुचते असा माझा समज होता.

तिसरा दोष आमचाच, भांडाराचा नव्हे. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. हा नियम मी एका रविवारी पेटीला लावला. सिनेमे ४१२. गेल्या नव्वद दिवसांत पाहिलेले तीन, आणि त्यांतला एक 'अशी ही बनवाबनवी' पाच वेळा. तोही आमच्याकडे केबलवर फुकट लागतो. बाकी ४०९ अनुत्पादक. असे भांडार एखाद्या शाखेत असते तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती.

आणि मुंज?

मुंज सापडत नव्हती. आई रोज दुपारी रिमोट घेऊन बसे, पडद्यावर सिनेमांची चित्रे एकामागून एक सरकत, आणि संध्याकाळी मी आलो की म्हणे, "अरे, मुंज नाही दिसत." मी बघितले, मलाही दिसली नाही. मग मुलाने कबूल केले की गेमसाठी जागा हवी म्हणून त्याने चाळीस गिगाबाइट 'फालतू' काढून टाकले होते. मी भाच्याला फोन केला. म्हटले, दोन डिस्क आहेत ना, एकीवरून गेले तर दुसरीवर असेल. तो जरा थांबून म्हणाला, "मामा, तो आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं." हे आधी सांगायला काय झाले होते? कार्बन कॉपी आणि दुसऱ्या शाखेत ठेवलेली प्रत यांतला फरक मी रोज नव्या मुलांना शिकवतो, आणि घरी वीस हजारांची कार्बन कॉपी कपाटावर ठेवून निर्धास्त बसलो होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. आईला काही सांगितले नाही. तिने विचारलेही नाही, याचा अर्थ तिच्या लक्षात आले होते.

शनिवारी भाचा आला. त्याने पेटीतल्या फाईली नावानिशी उघडल्या, आणि मुंज जागेवर होती. रोमन अक्षरांत एम-यू-एन-जे. साल नाही, काही नाही. झाले होते असे, की कोडी फार उत्साही आहे; फाईलचे नाव दिसले की इंटरनेटवरच्या यादीत त्याच्या जवळपासचा सिनेमा शोधून त्याचे पोस्टर आणि कथासार आपणहून चिकटवतो. मुंज या नावाजवळ त्याला २०२४ सालचा 'मुंज्या' हा भुताचा हिंदी सिनेमा सापडला. माझ्या मुंजीवर त्याने भूत चिकटवले. घरगुती चित्रणाचा फोल्डर वेगळा ठेवून त्याला 'हे सिनेमे नव्हेत' असे एकदाच सांगायचे असते, नावापुढे कंसात साल घालायचे असते. ते कोणी केले नव्हते. लेजर मोठे केले म्हणून अनुक्रमणिका आपोआप होत नाही, आणि आपोआप होते ती अशी होते.

"आजी, तुला हे दिसलं नाही?" भाच्याने विचारले.

"दिसलं की. रोज दिसायचं. पण भुताखेताचं मी कशाला लावू?"

मुंज लागली. हॅलोजनच्या उजेडात सगळे नातेवाईक चोर पकडल्यासारखे दिसत होते. माझे डोके चकचकीत, मांडीवर बसवून घेताना आईचा शालू नवा. एक तास दहा मिनिटांनी बाबा पीतांबर सावरत कॅमेऱ्यासमोर आले आणि दिवा बाजूला घ्यायला सांगून गेले. आईने रिमोट मागितला. "हे मागे कसं न्यायचं?" मी डावा बाण दाखवला. सहा महिन्यांत तिला त्या रिमोटचे एकही बटण आले नव्हते, हे एकदा सांगितल्यावर आले. तिने मागे नेले. मग पुन्हा नेले. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा केला.

निघताना भाच्याने एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून दिली. ती मी बहिणीकडे नाशिकला ठेवायला पाठवली. फोल्डरही नीट लावले. शेवटी म्हणाला, "आजी, ते भुताचं पोस्टर काढून टाकतो हं."

"राहू दे रे," आई म्हणाली, "आता मला त्याच्यावरून सापडतं."