गुप्तता कोणाची? अमेरिकन शाळामंडळांच्या नियमभाषेविषयी

अमेरिकेतील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' या शब्दप्रयोगातील 'डिस्ट्रिक्ट'चा आपल्या महसुली जिल्ह्याशी काही संबंध नाही. सार्वजनिक शाळा चालविणारी, बहुधा लोकनियुक्त मंडळाच्या हाती असलेली आणि पुष्कळ ठिकाणी स्वतःचा कर बसविणारी ती एक स्वतंत्र स्थानिक संस्था होय. म्हणून येथे तिला 'शाळामंडळ' म्हटले आहे. या मंडळांच्या नियमावल्यांत दोन वचने हटकून आढळतात. कारभार लोकांसमोर खुला राहील हे एक. विद्यार्थ्याची माहिती आणि त्याचा देह ही दोन्ही सुरक्षित राहतील हे दुसरे. एक वचन पाळावयाचे तर दुसऱ्यास मुरड घालावी लागते, असे या विषयावरील चर्चेत बहुधा गृहीत धरलेले असते. नियमांची भाषा बारकाईने वाचली असता मात्र हे गृहीतक टिकत नाही. तेथे खरा झगडा चालतो तो 'गुप्तता' या एकाच शब्दाला लागलेल्या दोन षष्ठ्यंत पदांचा: विद्यार्थ्याची गुप्तता आणि मंडळाची गुप्तता.

विद्यार्थ्याच्या गुप्ततेचा पाया म्हणजे 1974 चा संघराज्यीय कायदा. सेनेटर जेम्स बकली यांनी तो पुढे आणला आणि अध्यक्ष फोर्ड यांच्या स्वाक्षरीने तो अमलात आला. शाळेने मुलाविषयी काय लिहून ठेवले आहे हे पालकास 45 दिवसांच्या आत पाहावयास मिळावे, आणि तेच इतरांस पालकाच्या लेखी संमतीवाचून मिळू नये, अशी त्याची दुहेरी योजना आहे. विद्यार्थी 18 वर्षांचा झाला की हे हक्क त्याच्याकडे जातात. म्हणजे मूळ कल्पनेत खुलेपणा आणि गुप्तता ही एकाच हक्काची दोन अंगे होती. परंतु याच कायद्यात 'निर्देशिका-माहिती' नावाचा एक वर्ग आहे. निर्देशिका म्हटले की दूरध्वनीचे निरुपद्रवी पुस्तक डोळ्यांपुढे येते. या वर्गात मात्र नाव, पत्ता व जन्मतारीख यांबरोबर खेळाच्या संघातील मुलाची उंची आणि वजनही बसते. पालकाने ठरलेल्या मुदतीत हरकत घेतली नाही तर ही माहिती देण्यास शाळा मोकळी. संज्ञा जितकी घरगुती, तितके तिच्या आड जास्त मावते.

शब्दाच्या अर्थावर हक्क कसा टांगलेला असतो याचे याहून बोलके उदाहरण ओक्लाहोमा राज्यातील ओवासो येथील शाळामंडळाचे आहे. मुलांनी एकमेकांचे पेपर तपासावेत आणि गुण मोठ्याने सांगावेत या प्रथेस एका आईने हरकत घेतली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. कायद्याचे संरक्षण शाळेने 'जतन केलेल्या' नोंदींना आहे. शेजारच्या मुलाच्या हातात क्षणभर असलेला पेपर जतन केलेला नव्हे, असे न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिले, आणि त्यासाठी त्या क्रियापदाचा नित्याचा अर्थ शब्दकोशातून काढून दाखविला. भाषाभ्यासकास हा युक्तिवाद सुखावणारा खरा. पण मुलाची लाज कागद कपाटात गेल्यावरच सुरू होते असे मानण्यास शब्दकोश पुरेसा आधार नाही. त्याच वर्षी गोन्झागा विद्यापीठाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही ठरविले की या कायद्याचा भंग झाला म्हणून व्यक्तीस दावा लावता येत नाही. उपाय राहिला तो केंद्र सरकारने अनुदान रोखण्याचा, म्हणजे मुलाच्या हाताबाहेरचा.

आता दुसरी गुप्तता. कॅलिफोर्नियातील 1953 च्या ब्राउन कायद्याने स्थानिक संस्थांच्या सभा लोकांस खुल्या केल्या. नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावणे बंधनकारक आहे. सेवकांच्या शिस्तीचा प्रश्न मात्र बंद दाराआड घेता येतो. त्या बाबीचे शीर्षक विषयपत्रिकेवर कसे लिहावे याचा नमुनाही कायद्यानेच दिला आहे. 'सार्वजनिक सेवकाची शिस्त, बडतर्फी, कार्यमुक्ती' एवढे शब्द लिहिले की पुरे. याहून अधिक माहिती आवश्यक नाही, असे त्या नमुन्यातच नमूद आहे. अर्थात पूर्णपणे सिद्ध न झालेल्या आरोपाने कोणाचे नाव चव्हाट्यावर येऊ नये ही काळजी रास्त आहे. पण या तीन नामांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. तिन्ही भाववाचक; कर्ता नाही, कर्म नाही, काळ नाही. मोरो केशव दामले यांच्या व्याकरणावर वाढलेल्या मराठी वाचकास यातले काही अपरिचित वाटू नये. 'कारवाई करण्यात आली', 'बदली करण्यात येत आहे' ही आपल्या कचेऱ्यांची भाषा याच कुळातली.

या व्याकरणाची किंमत लॉस एंजेलिसच्या मंडळाने प्रत्यक्ष डॉलरांत मोजली. 2012 च्या जानेवारीत तेथील मिरामोंटे प्राथमिक शाळेतील एका शिक्षकास विद्यार्थ्यांवरील लैंगिक अत्याचारांच्या आरोपाखाली अटक झाली. पुढच्या वर्षी त्याने आरोपांस प्रतिवाद केला नाही आणि त्यास 25 वर्षांची शिक्षा झाली. अटकेपूर्वी मंडळाने त्यास नोकरीतून काढावयाचे ठरविले होते. त्याने त्याविरुद्धचे अपील मागे घ्यावे म्हणून मंडळाने त्यास 40,000 डॉलर दिले. 2014 साली मुलांच्या कुटुंबांशी झालेली तडजोड सुमारे 139 दशलक्ष डॉलरांची होती, आणि तीपूर्वी कित्येक दशलक्ष दिलेले होतेच. याहून बोचणारी गोष्ट अशी की अत्याचाराच्या संशयाविषयीची अनेक वर्षांची जुनी प्रतिवृत्ते मंडळाने 2008 साली नष्ट केल्याचे या खटल्याच्या ओघात बाहेर आले. ती आपल्याजवळ ठेवण्यास कायद्याची मुभा नव्हती, असे मंडळाच्या बाजूने सांगण्यात आले. ती कागदपत्रे गुप्त का? तर मुलांच्या रक्षणासाठी. आणि त्यांच्या नाशाने कोणाचे रक्षण झाले? येथे पहिली षष्ठी गळून दुसरी तिच्या जागी बसली, आणि शब्द तोच राहिला.

याच्या उलट एक तरतूद आहे, ती वाचताना मात्र समाधान होते. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेप्रमाणे शिक्षक हा 'कळविण्यास बांधलेला' मनुष्य आहे. वाजवी संशय येताच त्याने दूरध्वनीने तत्काळ आणि लेखी 36 तासांच्या आत पोलिसांस अथवा बालकल्याण खात्यास कळवावयाचे असते. मुख्याध्यापकास सांगितले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. हे कर्तव्य व्यक्तिगत आहे आणि वरिष्ठाने त्याच्या आड येऊ नये, असे कायदा स्पष्ट बजावतो. शिवाय कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहते. वाक्यास कर्ता आहे, तो एकवचनी आहे, आणि गुप्तता योग्य माणसाच्या वाट्याला आली आहे. भारताच्या 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 19 वे कलमही अशाच 'कोणत्याही व्यक्ती'वर भार टाकते, आणि 21 वे कलम न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास शिक्षा सांगते. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने वेळीच कळविले काय, हा प्रश्न अग्रभागी होता.

अलीकडे 'पारदर्शकता' या शब्दाची दिशाच फिरल्याचे दिसते. 2023 च्या जुलैत कॅलिफोर्नियातील चिनो व्हॅली मंडळाने असा ठराव केला की एखाद्या विद्यार्थ्याने जन्मनोंदीपेक्षा वेगळ्या लिंगाने ओळखले जावे अशी इच्छा दर्शविल्यास शाळेने पालकास कळविलेच पाहिजे. 2024 साली राज्याने कायदा करून अशी सक्ती करण्यास मंडळांस मनाई केली, आणि वाद न्यायालयांत गेला. पालकाचा हक्क थोर की मुलाचा विश्वास, हा प्रश्न भाषाशास्त्राने सुटणारा नाही. परंतु एवढे नोंदवावयास हवे की ब्राउन कायद्यात आरपार दिसावयाचे ते मंडळ, आणि येथे आरपार दिसावयाचे ते मूल. दोहोंस एकच नाव दिल्याने दुसऱ्या मागणीस पहिलीची प्रतिष्ठा आयती मिळते.

मिरामोंटेनंतर झालेल्या सुधारणांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 2015 च्या संघराज्यीय शिक्षण कायद्याने, अल्पवयीनाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे ज्ञात असलेल्या सेवकास दुसरी नोकरी मिळवून देण्यास मंडळांस मज्जाव केला. अशा सेवकाची ब्याद दुसऱ्या शाळेच्या गळ्यात घालण्याच्या प्रकारास तिकडे 'कचरा पुढे ढकलणे' असे रोखठोक नाव आहे. कायद्याच्या भाषेपेक्षा या बोलीत सत्य अधिक आहे. परंतु सेवापुस्तिकेची 'नित्याची' रवानगी या मनाईतून वगळलेली आहे. मग पुस्तिकेत काय शिल्लक आहे यावर सर्व भिस्त. 2014 च्या कॅलिफोर्नियातील दुरुस्तीने अशा पुस्तिकेतून घोर गैरवर्तनाच्या 'विश्वासार्ह' तक्रारी पुसून टाकण्यास मंडळास बंदी केली. 'पुसणे' हे क्रियापद आले, आणि त्यास मंडळ हा कर्ताही मिळाला. मात्र तक्रार विश्वासार्ह कोणी ठरवावयाची हे त्या विशेषणातून कळत नाही, आणि तो निर्णय प्रथम घेणारा माणूस त्याच मंडळाच्या कचेरीत बसलेला असतो.