नक्षी आणि नेम

शस्त्रावर नक्षी असावी कीं नसावी, हा वाद जुनाच आहे. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे: ती नक्षी शस्त्राच्या कामाशीं इमान राखते काय?

उस्मानी तुर्कांच्या उत्तम बंदुका या कसोटीस उतरतात. पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून व ठोकून त्यांची नळी घडवीत. तिच्या अंगावर उमटलेल्या लहरी वरून चितारलेल्या नव्हेत. त्या घडणींतूनच आलेल्या आहेत. दस्त्यावर हस्तिदंत व पितळ जडविलेलें असतें. पण त्याचे पैलू खांद्याशीं नीट बसतात, आणि नळीच्या मागील बाजूस निरनिराळ्या अंतरांचा नेम धरण्यासाठीं एकावर एक भोकें ठेविलेलीं असतात. कारागीर येथें बंदूकधाऱ्यास विसरलेला नाहीं.

याच्या उलट, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांतील पहिल्या महमूद सुलतानाची बंदूक घ्या. ती १७३२-३३ सालची. हिऱ्यांनीं व इतर रत्नांनीं ती मढलेली असून तिच्या पोटांत खंजीर व लेखनसाहित्य दडविलें आहे. जवाहिऱ्याचें कसब थक्क करणारें आहे, यांत शंका नाहीं. १७३० च्या बंडानें गादीवर आलेल्या राजास प्रजेचे डोळे दिपविण्याची गरजही असेल. तथापि या लखलखाटांत एक गोष्ट झांकली जाते: बंदूक माणूस मारण्यासाठीं असते. साधी नक्षीदार बंदूक हें लपवीत नाहीं. म्हणूनच, मोलानें ती कितीही उणी असो, कला म्हणून आम्ही तिलाच श्रेष्ठ मानतों.