फ्रेंच बालबोध आणि बंद पडलेले यंत्र

परकी भाषा शिकविणाऱ्या प्राथमिक पुस्तकांचे परीक्षण करण्याची आपल्याकडे फारशी चाल नाही. काव्य, नाटक, कादंबरी यांवर पानेच्या पाने लिहिली जातात; पण ज्या पुस्तकाच्या संगतीत विद्यार्थी वर्ष-दोन वर्षे काढतो, त्याच्या गुणदोषांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पाहता अशा पुस्तकाचा कर्ता एक लहानसे जगच उभे करीत असतो. त्या जगात कोणी राहावे, काय करावे, त्यांच्यावर कोणते प्रसंग यावेत, हे सर्व तोच ठरवितो, आणि विद्यार्थ्यास वाचा फुटते ती तेवढ्या जगापुरतीच. म्हणून फ्रेंच भाषेच्या बालबोध पुस्तकांविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कसोटी मात्र आम्ही एकच लावणार आहोत. कामावर असताना एखादे यंत्र बंद पडले, तर काय बिघडले हे दुसऱ्यास नीट सांगता येईल इतके फ्रेंच या पुस्तकांनी येते काय?

ही कसोटी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण फ्रेंच शिकणारा मराठी तरुण आज केवळ ह्यूगो मुळातून वाचावा एवढ्याच हौसेने वर्गात बसत नाही. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत बसून पॅरिस किंवा लियाँ येथील सहकाऱ्यांशी बोलणारे अभियंते आमच्या वाचकांच्या कुटुंबांतही असतील. या मंडळींस उपाहारगृहात कॉफी मागता आली नाही, तर फार तर कॉफी मिळणार नाही. बिघाड उलटा सांगितला गेला, तर मात्र दुरुस्तीही उलटीच होणार.

गास्ताँ मोझे यांचे १९५३ साली निघालेले निळ्या वेष्टनाचे प्रसिद्ध पुस्तक घ्या. त्याची व्याकरणाची रचना इतकी नेटकी आहे की, तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. एका पाठाने दुसऱ्याचा पाया घालावा, ही शिस्त पुढच्या अनेक रंगीत पुस्तकांना साधलेली नाही. परंतु त्यातील वँसाँ कुटुंब कॅनडाहून पॅरिस पाहावयास आलेले आहे. प्रवाशाचे जग 'हे काय आहे?' आणि 'ते कोठे आहे?' या दोन प्रश्नांत बहुतांशी आटोपते. 'हे का थांबले?' हा प्रश्न प्रवाशास सहसा पडत नाही. पुढील पुस्तकांत कपडे बदलले, आगगाडीच्या जागी विमान आले, पण पाहुणेपणा काही सुटला नाही. २००१ साली युरोप परिषदेने भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या आखून दिल्या. त्यांतील पहिलीवरचा विद्यार्थी बोलू शकतो तो समोरचा मनुष्य सावकाश बोलेल व मदत करील या अटीवर. बिघाडामुळे ज्याचे काम अडले आहे, तो मनुष्य ही अट पाळील असा भरवसा आम्हांस वाटत नाही.

या क्षेत्रात खरा शोधकपणा दाखविला तो झोर्झ गूगेनेम यांनी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत लोकांची साधी संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतील तीन लक्षांहून अधिक शब्दांची मोजदाद करून १९५४ साली प्राथमिक फ्रेंचची शब्दावली प्रसिद्ध केली. मोजताना एक गंमत उघडकीस आली. क्रियापदे व अव्यये पुन्हापुन्हा येत. पण काटा-चमच्यासारखी नित्याची नामे संभाषणात क्वचितच सापडत. मनुष्यास ती ठाऊक असतात, परंतु विषय निघाल्यावाचून ती तोंडावर येत नाहीत. म्हणून या मंडळींनी शाळकरी मुलांकडून विषयवार शब्दांच्या याद्या करवून घेतल्या, आणि अशा शब्दांना 'हाताशी असलेले शब्द' या अर्थाचे नाव दिले. आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. यंत्रासमोर दोघे उभे असतील, तर भागाचे नाव न आले तरी बोट दाखविता येते. दूरध्वनीवर बोट दिसत नाही. तेथे क्रियापदेच तारतात, आणि ती कोणत्या काळात वापरली यावर सारे अवलंबून राहते.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे वळतो. मराठी विद्यार्थी फ्रेंच शिकतो ते बहुधा इंग्रजीच्या खांद्यावर बसून. अर्थ इंग्रजीत, व्याकरणाचे स्पष्टीकरणही इंग्रजीतच. या वळणाने जाताना घरचे धन रस्त्यात सांडते. फ्रेंच मनुष्य यंत्राविषयी 'सा मार्श' म्हणतो. 'मार्शे' म्हणजे पायी चालणे, आणि यंत्र चालणेही तेच. आपणही यंत्र 'चालते' असेच म्हणतो. इतकेच नव्हे, तर एखादी सूचना मान्य असली म्हणजे फ्रेंच मनुष्य पुन्हा 'सा मार्श' म्हणून मोकळा होतो, आणि आपण 'चालेल' म्हणतो! यंत्र बिघडले की तो 'तोंबे आं पान' म्हणतो. 'तोंबे' म्हणजे पडणे. आपलेही यंत्र बंद 'पडते'च. (त्यातील 'पान' हा शब्द मूळचा खलाशांचा, शिडे अशी फिरवावयाची की जहाज जागच्या जागी थबकावे, तिला हे नाव होते.) विजेची तार वितळली म्हणजे फ्रेंचांची शिशाची तार 'उडी मारते', आणि आपला फ्यूज 'उडतो'. वाक्यरचनेतही तेच. 'सकाळपासून चालत नाही' हे वाक्य इंग्रजीत न्यावयाचे तर क्रियापदास पूर्ण वर्तमानकाळाचा वेष चढवावा लागतो. फ्रेंचमध्ये 'दप्वी' हे अव्यय, म्हणजे आपले 'पासून', आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळात, अगदी मराठीप्रमाणे. असे असता आमचा विद्यार्थी इंग्रजीच्या ओढीने येथे भूतकाळ घालतो, आणि चूक दाखविली म्हणजे फ्रेंच भाषा तऱ्हेवाईक आहे म्हणून तिच्यावर रुसतो.

बिघाड सांगणे म्हणजे एक छोटी गोष्ट सांगणे होय. आधी काय होत होते, आणि मग काय झाले? 'चालत होते' आणि 'थांबले' हा भेद मराठी मुलास आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो, आणि फ्रेंचच्या दोन भूतकाळांतील भेद बहुतांशी हाच आहे. खरी अडचण आहे ती कानाची. 'एल मार्शे' म्हणजे ते चालत होते. 'एल आ मार्शे' म्हणजे ते चालले. दोन्हींच्या अंत्य स्वरांत फ्रेंच कानास थोडा फरक जाणवतो, पण आपल्या देवनागरीत दोहोंस एकच मात्रा. उरला तो मधला इवलासा 'आ'. तो गळला की गोष्ट बदलली.

याहून धोक्याचा शब्द म्हणजे 'प्ल्यु'. 'चालत नाही' आणि 'चालेनासे झाले' यांत मराठी जो भेद करते, तोच फ्रेंच 'पा' व 'प्ल्यु' या दोन शब्दांनी करते; आणि दुरुस्ती करणाऱ्यास तर तोच प्रथम हवा असतो, कारण कधीच न चाललेले यंत्र निराळे आणि काल चालून आज अडलेले निराळे. पण त्याच 'प्ल्यु'चा दुसरा अर्थ 'अधिक' असाही आहे. पुस्तकात निषेधाचे दोन तुकडे असतात, क्रियापदापूर्वी 'न' आणि नंतर 'पा' किंवा 'प्ल्यु'. बोलताना मात्र फ्रेंच मनुष्य पहिला तुकडा खुशाल गिळतो. मग दाब उरलेला नाही, की दाब वाढला आहे? एकाच अक्षरसमूहातून दोन्ही अर्थ निघू शकतात. शेवटचा 'स्' उच्चारला तर 'अधिक', पण 'अधिक' या अर्थी तो प्रत्येक वेळी उच्चारला जाईलच असेही नाही. फ्रेंच माणसे प्रसंगावरून समजून घेतात. नवख्याने येथे तो शब्दच टाळून 'दाब शून्य आहे' असे सरळ म्हणावे, ही साधी युक्ती आम्ही चाळलेल्या पुस्तकांपैकी एकातही आम्हांस आढळली नाही. पनीराचे प्रकार मात्र सर्वांत आढळले.

हा केवळ वैयाकरणांचा कीस नव्हे. फ्रान्समधील एपिनाल येथील इस्पितळात २००४ व २००५ या वर्षांत किरणोपचार घेणाऱ्या वीसहून अधिक रुग्णांस ठरल्यापेक्षा पुष्कळ अधिक मात्रा दिली गेली. कित्येकांस गंभीर इजा झाल्या, काही दगावले. कारणे अनेक होती, परंतु जी संगणकप्रणाली वापरून मात्रा ठरवीत, तिचे मार्गदर्शक पुस्तक फ्रेंचमध्ये नव्हते, इंग्रजीत होते, ही गोष्ट चौकशीत पुढे आली. कामास आवश्यक असे कागदपत्र कामगारास फ्रेंचमध्ये मिळावेत, असा कायदा त्या देशाने १९९४ सालीच केला होता. पण परदेशातून आलेल्या कागदपत्रांस त्यातून सूट आहे. स्वभाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्रातही परभाषेतील यंत्रविद्या अशी अंगावर येते.

मराठीतून मराठी मुलांसाठी फ्रेंचचे नवे बालबोध पुस्तक लिहिण्यास कोणी सरसावल्यास आमची एक विनंती आहे. भागांच्या नावांची लांबलचक यादी त्याने पहिल्या पाठात देऊ नये. त्याऐवजी 'जो फिरतो तो भाग', 'ज्याने झाकण उघडते ती वस्तू' अशी वाक्ये लवकर शिकवावीत. आपल्या 'जो-तो'ची सवय येथे उपयोगी पडेल, फक्त 'फिरणारा भाग' असे विशेषण आधी न घालता फ्रेंचमध्ये नाम आधी आणि 'फिरतो तो' मागून, एवढे बजावावे. आणि 'त्र्युक' हा शब्द तर पहिल्याच आठवड्यात द्यावा. नाव न आठवणाऱ्या कोणत्याही वस्तूस हा चालतो. खुद्द फ्रेंच कारागीरही पान्यापासून पेचापर्यंत सर्वांस तो खुशाल लावतात. सभ्य पुस्तके त्यास उंबऱ्याबाहेर उभा करतात, कारण तो बोलीतला आहे.