‘हरितऊर्जे’चा धडा आणि त्यात न आलेली जमीन

इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाच्या दुसऱ्या भागात ‘हरितऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण २०१८ साली आले. अनेक शिक्षकांनी ते वर्षानुवर्षे शिकवले आहे आणि शिकवायला ते चांगलेही आहे. औष्णिक, अणू, जल, पवन आणि सौर अशा प्रत्येक पद्धतीत ऊर्जेचे रूपांतर कोणत्या टप्प्यांनी होते हे त्यात ओघतक्त्यांच्या आधारे नीट समजावले आहे. जनित्र फिरवायला टर्बाइन लागते आणि टर्बाइन फिरवायला वाफ, पाणी किंवा वारा लागतो, हे एक सूत्र विद्यार्थ्याच्या हाती दिले की पुढचे सारे सोपे होते. सौर विद्युत घट मात्र टर्बाइनशिवाय चालतो, हा फरकही प्रकरणात स्पष्ट झाला आहे. हे सर्व गुण मान्य करून आम्ही या लेखात त्यातील एका उणिवेविषयी लिहिणार आहोत. ती उणीव एका पुस्तकापुरती नाही. ऊर्जेविषयी आपण ज्या पद्धतीने लिहितो आणि शिकवतो, तिच्यातच ती आहे.

जलविद्युतनिर्मितीने प्रदूषण होत नसले तरी धरणाखाली मोठे क्षेत्र बुडते आणि गावे विस्थापित होतात, हे प्रकरणात प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पवन आणि सौर ऊर्जेकडे वळल्यावर मात्र जमिनीचा विषय मागे पडतो. सूर्यप्रकाश आणि वारा फुकट मिळतात, म्हणून त्यांपासून मिळणाऱ्या विजेची किंमत यंत्रसामग्रीपुरतीच, असा समज विद्यार्थी घेऊन जातो. सूर्यप्रकाश फुकट आहे हे खरे. पण तो जमिनीवर पडतो, आणि ती जमीन कोणाची तरी असते.

चौरस सेंटिमीटरपासून हेक्टरपर्यंत

आता थोडा हिशेब करू. सिलिकॉनच्या १ चौरस सेंटिमीटर सौर घटापासून सुमारे ३० मिलिअँपिअर विद्युतधारा आणि सुमारे ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते, असे प्रकरणात सांगितले आहे. या दोन संख्यांचा गुणाकार केला की १५ मिलिवॉट शक्ती येते. म्हणजे १ चौरस मीटरला १५० वॉट. भर दुपारच्या उन्हात १ चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट सौरशक्ती पडते, तेव्हा घटाची कार्यक्षमता १५ टक्के झाली. अलीकडच्या घटांची कार्यक्षमता यापेक्षा अधिक आहे. पण पुस्तकातल्या आकड्यांवरच पुढे जाऊ.

१ मेगावॉटसाठी सुमारे ६,७०० चौरस मीटर पट्ट्या लागतील. एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये अंतर सोडावे लागते. शिवाय रस्ते, रोहित्रे आणि कुंपण हवे. प्रत्यक्षात १ मेगावॉटला चार ते पाच एकर, म्हणजे सुमारे २ हेक्टर जमीन लागते. रात्र, ढग आणि तिरपे ऊन लक्षात घेता वर्षभराची सरासरी शक्ती स्थापित क्षमतेच्या साधारण एक पंचमांश भरते.

पालघर जिल्ह्यातील डहाणूचे औष्णिक केंद्र ५०० मेगावॉटचे आहे. ते क्षमतेच्या ७५ टक्के चालते असे धरले, तर तेवढीच वीज वर्षभरात मिळवण्यासाठी सुमारे १,८७५ मेगावॉटचे सौर प्रकल्प लागतील. त्यांना जमीन लागेल ३,७५० हेक्टर, म्हणजे ३७.५ चौरस किलोमीटर.

या आकड्यावरून कोळसा बरा असा निष्कर्ष कोणी काढू नये. डहाणूच्या हिशेबात आम्ही कोळशाच्या खाणी धरलेल्या नाहीत आणि राखेचे तलावही धरलेले नाहीत. कोळशाच्या धुराने तापणाऱ्या हवामानाचा फटका कोरडवाहू शेतकऱ्याला आधी बसतो, हेही विसरून चालणार नाही. कोळसा सोडलाच पाहिजे. मुद्दा एवढाच, की सौरऊर्जा विरळ आहे. ती गोळा करायला मोठे क्षेत्र लागते, हा तिचा भौतिक गुणधर्म आहे. म्हणून जमिनीचा प्रश्न विज्ञानाच्या धड्यात यायला हवा. तो नागरिकशास्त्राच्या तासाला ढकलून देता येत नाही.

‘पडीक’ म्हणजे काय?

एवढी जमीन कोठून आणायची, या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते : पडीक जमीन आहेच की! हा ‘पडीक’ शब्द तपासून पाहावा. त्यासाठी जव्हार तालुक्यातील वांगणीसारख्या गावाकडे पाहू.

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला १९९२ साली माहीत झाले. तेथील आदिवासी बालके कुपोषणाने दगावली आणि राज्य हादरले. जव्हार-मोखाड्याचा सारा टापू घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी ही येथील माणसे. पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. भात होते ते खाचरांत. नागली आणि वरई होते ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. हा माळ काही वर्षे पिकवायचा आणि मग काही वर्षे विश्रांतीला सोडायचा, अशी तेथील रीत आहे. विश्रांतीच्या वर्षांत त्याच जमिनीवर गवत वाढते आणि गुरे चरतात. राबासाठी पालापाचोळा, सरपण, रानभाज्या आणि कंद शेजारच्या रानातून येतात.

अशी जमीन विश्रांतीच्या वर्षी उपग्रहाच्या चित्रात कशी दिसेल? झुडपी, उघडी, उत्पन्न नसलेली. देशातील पडीक जमिनींचे नकाशे १९८० च्या दशकापासून याच तंत्राने तयार होत आले आहेत. उपग्रह जमिनीचा रंग मोजतो. तिचा वापर आणि तिच्यावरचा हक्क त्याला दिसत नाही. सातबाऱ्यावर ‘सरकार’, ‘वन’ किंवा ‘गायरान’ एवढेच लिहिलेले असेल, तर कागदालाही तो दिसत नाही. ज्या गावांनी उपासमार पाहिली आहे, तेथे नागलीचा एक तुकडा कमी होणे म्हणजे काय, हे दर मेगावॉटच्या हिशेबात कोठेच येत नाही.

न दिसणारा हा हक्क कागदावर यावा यासाठीच २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला त्या जमिनीचा हक्क मिळतो आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळतो. दाव्यांची सुरुवात ग्रामसभेने करायची असते. दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही. वनजमीन प्रकल्पाला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. २०२२ च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधीची ही अट सैल केली आणि वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम राज्यांवर सोपवले. दुसरीकडे, मोठ्या उद्योगांना लागणारा पर्यावरणीय आघात अहवाल सौर आणि पवन प्रकल्पांना सक्तीचा नाही. धुराडे नाही म्हणजे आघात नाही, हा त्यामागचा समज आणि आपल्या धड्यामागचा समज एकच आहे.

आपल्याकडचे दाखले

हा प्रश्न नवा नाही. मुळशीचे धरण विजेसाठीच होते. जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापट यांच्यासह सत्याग्रह केला. सत्याग्रह मोडला, धरण झाले आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे गेली. सरदार सरोवरात महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के वीज आली. त्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित झाली. धड्यातले ‘गावे विस्थापित होतात’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. कोणाची गावे, हे त्यात येत नाही. डोंगरदऱ्यांत धरणाला जागा सोयीची असते आणि तेथे राहणारे बहुतेक आदिवासी असतात.

वाऱ्याचेही तसेच आहे. वारा चांगला मिळतो तो डोंगरमाथ्यावर. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरात वनजमिनीवर पवनचक्क्यांचा एक प्रकल्प उभा राहिला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात त्याची दखल घेतली. डोंगरावर नेलेल्या निकृष्ट रस्त्यांमुळे माती खाली शेतांत आणि जलाशयांत येत होती. वनहक्क कायद्याची अंमलबजावणी झालेली नव्हती. पिढ्यान् पिढ्या ज्या डोंगरावर लोक जात होते, तेथे त्यांना अडवले जात होते. पवनचक्कीचा पाया लहान असतो, हे पुस्तकी उत्तर चूक नाही. पण अवजड पाते डोंगरावर चढवायला रुंद रस्ता लागतो आणि रस्त्याबरोबर फाटकही येते.

सौर प्रकल्पांच्या बाबतीत धुळे जिल्ह्यातील विखरणचे धर्मा पाटील यांचे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. ते आदिवासी नव्हते. पण सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची दाद मागताना या वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याची ही गत असेल, तर ज्याच्या हक्काची नोंदच अपुरी आहे त्याचे काय, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.

पुढची गोष्ट साठवणीची. सूर्य मावळल्यावर वीज हवी असेल तर दिवसा पाणी वर चढवून ठेवायचे आणि रात्री खाली सोडायचे, ही उदंचन पद्धत. एक घनमीटर पाणी ४०० मीटर खाली आले, तर १,००० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजेच साधारण एक युनिट ऊर्जा मिळते. तेव्हा हवा उंच कडा आणि त्याच्या वर व खाली एकेक तळे. सह्याद्रीची धार यासाठी अगदी योग्य. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ सालापासून असाच चालतो. त्याचे वरचे तळे अकोले तालुक्यात आणि खालचे शहापूर तालुक्यात, दोन्ही आदिवासी भागांत. राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणले. जेथे कडा उंच, तेथे असे प्रकल्प येणार, हे भूगोलावरूनच सांगता येते.

मोखाड्यात मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले. त्यासाठी जंगल आणि जमीन पाण्याखाली गेली. त्याचे पाणी मुंबईला जाते. याच धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगते सौर पॅनेल बसवण्याची योजना मुंबई महापालिकेने आखली. तरंगत्या पॅनेलांना नवी जमीन लागत नाही आणि बाष्पीभवनही घटते, म्हणून ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे. पण आधी पाणी, आता वीज, आणि धरणाच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग, हे गणित जुळत नाही. येथे खोट तंत्रज्ञानात नाही, वाटणीत आहे.

दुसरीकडे काय घडले?

नॉर्वेत फोसेन भागात सामी लोकांच्या रेनडियरांच्या हिवाळी कुरणांवर मोठे पवन प्रकल्प उभारले गेले. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की स्टोरहेया आणि रोआन येथील १५१ पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग करतात. रेनडियर पवनचक्क्यांच्या जवळपास फिरकत नाहीत, त्यामुळे कुरण जागेवर असूनही निरुपयोगी होते. पुनर्निर्मितीक्षम ऊर्जेची गरज न्यायालयाने नाकारली नाही. सामींना कमी उपद्रव होईल असे दुसरे पर्याय होते, हे त्याने दाखवले. निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ साली तरुण सामींनी ओस्लोत मंत्रालयांची दारे अडवली, तेव्हा कोठे समझोत्यांना वेग आला. श्रीमंत आणि कायद्याने चालणाऱ्या देशातही हे घडते. म्हणून हक्काचा विचार प्रकल्पाच्या आधी व्हावा लागतो. चक्क्या उभ्या राहिल्यावर केलेला न्याय अर्धाच असतो.

शिक्षकांनी काय करावे?

पुस्तक बदलायला वेळ लागतो. तास आपल्या हातात असतो. हे प्रकरण शिकवताना प्रत्येक ऊर्जास्रोताच्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत : दर मेगावॉटला किती जमीन लागते, ती आज कोण वापरतो, आणि वीज कोठे जाते. सौर घटाचे उदाहरण चौरस सेंटिमीटरवर न थांबवता विद्यार्थ्यांकडून हेक्टरपर्यंत न्यावे.

शाळेचे छप्पर मोजायला लावावे. १०० चौरस मीटर पट्ट्या बसत असतील तर पुस्तकातल्याच आकड्यांनी १५ किलोवॉट आणि दिवसाला सरासरी ७० युनिट वीज येते. मग गावातली छपरे, शहरातली छपरे आणि कालव्यांवरची जागा यांचा अंदाज करावा. सगळी गरज त्यातून भागणार नाही; पण किती भागते हे कळल्यावर उरलेली जमीन मागताना हात थोडा आखडेल.

जव्हार-मोखाड्यातील आश्रमशाळांच्या शिक्षकांना याहून चांगला प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी पाड्याच्या शिवाराचा नकाशा काढावा. ‘पडीक’ म्हणून दाखवलेल्या प्रत्येक तुकड्यावर बारा महिन्यांत कोण काय घेतो, हे आजीआजोबांना विचारून लिहावे : नागली, गवत, पाला, कंद, गुरांची वाट. वनहक्काचे दावे कोठे अडले आहेत, हे ग्रामसभेत विचारावे. अशी वही उद्या एखाद्या मोजणीच्या वेळी उपयोगी पडेल, आणि ते विज्ञानाचेच काम आहे, कारण निरीक्षण आणि नोंद यांवाचून विज्ञान नाही.

हरित ऊर्जेला आमचा विरोध नाही. ती लवकर यावी, असेच आम्हांस वाटते. पण तिचा धडा पूर्ण व्हायचा असेल, तर रूपांतराच्या टप्प्यांमध्ये पहिला टप्पा जमिनीचा लिहिला गेला पाहिजे, आणि त्या टप्प्याला ग्रामसभेची संमती लागते हेही विद्यार्थ्याला ठाऊक झाले पाहिजे.