ठेव राखणाऱ्यांची कादंबरी

एका वाचकबंधूंनी आम्हांस पत्र पाठवून एका इंग्रजी कादंबरीचे नाव विचारले आहे. महाविद्यालयात असताना त्यांनी ती कोणाकडून तरी मागून आणून वाचली होती. प्रतीचे मुखपृष्ठ फाटलेले होते, त्यामुळे ग्रंथनाम आणि ग्रंथकार ही दोन्ही त्यांच्या स्मरणात नाहीत. स्मरणात राहिल्या आहेत त्या पाच गोष्टी. अणुयुद्धाने जग बेचिराख झाल्यावर वाळवंटात टिकून राहिलेला एक मठ. कोणा संताच्या हातची वाणसामानाची यादी, जी मठवासी पवित्र अवशेष म्हणून जपतात. एका यंत्राच्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीने नटविलेली नक्कल करण्यात उमेदीची वर्षे घालविणारा तरुण व्रतस्थ. पुस्तके मुखोद्गत करणारी माणसे. आणि हातोडा बाळगणारा एक म्हातारा, ज्यास पोरेबाळे देव मानू लागली आहेत. हे सारे एकाच पुस्तकात होते की काय, अशी शंकाही त्यांनीच व्यक्त केली आहे.

शंका रास्त आहे. पहिल्या तीन गोष्टी निःसंशय वॉल्टर एम. मिलर या अमेरिकन लेखकाच्या 'अ कॅन्टिकल फॉर लीबोविट्झ' या कादंबरीतील होत. ती १९५९ साली ग्रंथरूपाने आली. तत्पूर्वी १९५५ ते १९५७ या काळात तिचे तीन भाग तीन दीर्घकथांच्या रूपाने एका मासिकात येऊन गेले होते. १९६१ साली तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. हातोडेवाला म्हातारा मात्र जॉर्ज आर. स्ट्यूअर्ट यांच्या 'अर्थ अबाइड्स' (१९४९) मधला आहे. राहिली चौथी गोष्ट. पुस्तके पाठ करणारी माणसे मिलरच्या मठाच्या पूर्वेतिहासातही आहेत आणि रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) च्या अखेरीसही आहेत. वाचकबंधूंच्या मनात बहुधा दोन्ही एकजीव झाली असावीत. तीन पुस्तकांची अशी सरमिसळ व्हावी यात नवल नाही. तिन्ही हिरोशिमानंतरच्या दीड दशकात लिहिली गेली, आणि सारे बुडाल्यावर मागे जे उरेल ते कोणी राखावयाचे, हाच तिन्हींचा विषय आहे. त्यांपैकी मिलरची कादंबरी धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी अशी असल्याने तिचा परामर्श थोडा विस्ताराने घेत आहोत.

कथेचा काळ अग्निप्रलयानंतर सुमारे सहाशे वर्षांनी सुरू होतो. युद्धातून वाचलेल्या लोकांनी, विद्वानांमुळेच हा अनर्थ ओढवला अशा समजुतीने, शिकलेल्या माणसांच्या कत्तली केल्या आणि ग्रंथांच्या होळ्या पेटविल्या. त्या धामधुमीत आयझॅक एडवर्ड लीबोविट्झ नावाचा एक विद्युत अभियंता, जो स्वतः शस्त्रनिर्मितीच्या कामात गुंतलेला होता, मठाचा आश्रय घेतो, धर्मगुरू होतो, आणि पुस्तके लपवून वाहून नेणाऱ्यांचा व ती मुखोद्गत करणाऱ्यांचा एक संघ स्थापन करतो. जमाव त्यास पकडून ठार मारतो. त्याच्या संघाचे व्रतस्थ पुढे शतकानुशतके हाती लागेल तो कागद जपत राहतात. कशाचा अर्थ कळतो म्हणून ते जपत नाहीत. जपण्यास सांगितले आहे म्हणून जपतात. उपवासकाळात वाळवंटात एकांतवास करणाऱ्या फ्रान्सिस या सतरा वर्षांच्या उमेदवारास एका जुन्या भूमिगत निवाऱ्यात संस्थापकाच्या हातची चिठ्ठी सापडते: अमुक इतके मांस, कोबीचा एक डबा, काही पाव, घरी आणावे. तीच ती यादी.

येथे पुष्कळ वाचक हसतात, आणि लेखकालाही ते हसणे हवे आहे. परंतु मिलरचा विनोद श्रद्धेची टर उडविणारा नाही. फ्रान्सिस पंधरा वर्षे खपून आराखड्याची सुशोभित नक्कल तयार करतो. रोमच्या नव्या नगरीकडे जाताना वाटेत एक दरोडेखोर ती नक्कलच मौल्यवान समजून हिसकावून घेतो आणि मूळ जीर्ण कागद टाकून देतो. पंधरा वर्षे फुकट गेली म्हणून खिन्न झालेल्या फ्रान्सिसला परमगुरुस्वामी जे सांगतात त्याचा आशय असा, की तुझ्या नकलेच्या सौंदर्याने चोर भुलला नसता तर मूळ अवशेषच गेला असता. नक्कल सोडवून आणण्यासाठी ते त्यास सोनेही देतात. परतीच्या वाटेवर एका बाणाने फ्रान्सिसचा अंत होतो, आणि एक वृद्ध यात्रेकरू त्यास मूठमाती देतो. ही दहाबारा पाने आम्ही अनेकदा वाचली आहेत.

मिलर हे कोठून लिहीत होता हे ठाऊक असणे जरूर आहे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन बाँबफेकी विमानांवर काम करीत असे, आणि पन्नासाहून अधिक मोहिमांत त्याने भाग घेतला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी माँते कासिनोचा मठ, संत बेनेडिक्टने स्थापिलेला तो आद्य मठ, ज्या हल्ल्यात जमीनदोस्त झाला त्यातही तो होता. १९४७ साली त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला. त्या मठातील हस्तलिखिते व दफ्तर हल्ल्यापूर्वी काही महिने, १९४३ च्या अखेरीस, मालमोटारींतून रोमला हलविण्यात आली होती. म्हणून ती वाचली. ती हलविण्यात पुढाकार घेणारे जर्मन सैन्यातील दोन अधिकारी होते, हेही नमूद करावयास हवे. ग्रंथ वाचविणारा एका बाजूचा आणि मठ पाडणारा दुसऱ्या बाजूचा: आपली बाजू न्यायाची होती एवढ्याने ज्याचे समाधान होत नाही अशा माणसाची ही कादंबरी आहे. मठ पुन्हा बांधला गेला, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनरभिषेचन केले.

ख्रिस्तसभेने अंधारयुगात विद्या राखली याचा गौरव म्हणून ही कादंबरी वाचण्याचा प्रघात आहे, विशेषतः आपल्या कॅथलिक वर्तुळांत. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. दुसऱ्या भागात, इसवी सन ३१७४ मध्ये, मठातील एक बंधू त्याच जुन्या कागदांच्या आधारे विजेचा दिवा तयार करतो. दिवा टांगण्यास सोयीची जागा ग्रंथालयाच्या कमानीत असते, आणि तेथील क्रूस उतरविला जातो. वृद्ध ग्रंथपाल संतापतो. लेखकाने येथे कोणतेही भाष्य केलेले नाही, आणि ते केले नाही हेच योग्य. पाहुणा म्हणून आलेला विद्वान थॉन टॅडेओ दिपून जातो. परंतु आपल्या विद्येचा आपला राजा काय उपयोग करील याची जबाबदारी तो घेऊ इच्छित नाही. त्याच्या सोबत आलेले सैनिक अधिकारी दरम्यान मठाच्या तटबंदीचे नकाशे काढीत असतात. तिसऱ्या भागात, ३७८१ मध्ये, जगाजवळ पुन्हा अणुबाँब आहेत. जे ज्ञान मठाने जिवापाड जपले त्याच ज्ञानातून ते आले आहेत.

मग जपणाऱ्यांचा यात दोष किती? पौलाने तिमथीला सोपविलेली ठेव राखण्याची आज्ञा केली (१ तिमथी ६:२०), परंतु ती ठेव शुभवर्तमानाची होती. लीबोविट्झच्या मठाने शुभवर्तमान आणि यंत्राचा आराखडा एकाच कपाटात, एकाच आदराने ठेवला. आम्हांस वाटते की मिलर याकडेच बोट दाखवितो, आणि तरीही मठवासीयांना दोषी ठरवीत नाही; कारण कपाट जाळणारे काय करतात तेही त्याने पहिल्या भागात दाखविले आहे.

आपल्याकडील वाचकास येथे युगचक्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रलय, पुन्हा सृष्टी, पुन्हा प्रलय: इंदूरच्या वा बडोद्याच्या एखाद्या सुविद्य स्नेह्यास ही कथा सांगितली तर तो म्हणेल, यात नवीन काय, हे आमच्या पुराणांत आहेच. साम्य वरवरचे आहे. युगांतामागे काळाचा नियम असतो. मिलरच्या प्रलयामागे प्रत्येक वेळी माणसांचा निर्णय आहे, आणि तो निर्णय टाळता आला असता हे तो पानोपानी दाखवितो. शिवाय तिन्ही भागांत वावरणारा तो वृद्ध यहुदी कोणाची तरी वाट पाहत आहे. दुसऱ्या भागात तो टॅडेओचा चेहरा निरखून पाहतो आणि निराश होऊन वळतो: हा तो नव्हे. ज्या काळाला चक्राकार गती आहे त्यात वाट पाहण्यास अर्थ नसतो.

तिसऱ्या भागातील दयामरणाचा प्रसंग हा ग्रंथाचा सर्वांत कठीण भाग होय. किरणोत्साराने होरपळलेली एक स्त्री व तिचे तान्हे मूल. त्यांना वेदनामुक्त मरण देण्यास शासनाची मुभा. वेदनेखेरीज दुसरे अनिष्ट आपणांस ठाऊक नाही असे मानणारा डॉक्टर. आणि मठाधिपती झेर्ची, जो युक्तिवादात कमी पडतो व अखेर डॉक्टरच्या तोंडावर ठोसा मारतो. डॉक्टरला मिलरने दुष्ट केलेले नाही, ही त्याची सचोटी. झेर्चीचे म्हणणे ख्रिस्तसभेचेच आहे, परंतु ते तो वाईट रीतीने मांडतो. गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकणाऱ्याने हा प्रसंग त्यासाठीच वाचावा. नंतर कोसळलेल्या दगडांखाली चिरडून पडल्यावर, त्या स्त्रीला जे सहन करण्यास सांगितले ते झेर्चीस स्वतः सहन करावे लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निष्क्रिय दयामरणास मान्यता दिल्यापासून हा विषय आपल्या रुग्णालयांतही चर्चिला जातो. मात्र निरुपयोगी झालेला उपचार थांबविणे निराळे आणि जीव घेणे निराळे. कादंबरीतील वाद दुसऱ्या गोष्टीचा आहे, हा भेद ध्यानी ठेवावा.

दगडांखाली पडलेल्या झेर्चीजवळ टोमॅटो विकणारी ग्रेल्स नावाची म्हातारी येते. तिच्या खांद्यावर दुसरे, निद्रिस्त शीर आहे. त्यास स्नानसंस्कार द्यावा असा तिचा धोशा असतो. आता तेच शीर जागे झाले आहे. झेर्ची त्यास स्नानसंस्कार देऊ पाहतो, ती नाकारते, आणि स्वतःच त्यास ख्रिस्तशरीर देते. टीकाकारांनी याचे नाना अर्थ लावले. मूळ पापाचा स्पर्श न झालेली ही कोणी नवी सृष्टी आहे, हा अर्थ आम्हांस मान्य आहे. परंतु ती अणुस्फोटाच्या क्षणीच का जागी व्हावी, याचे उत्तर मिलर देत नाही. येथे त्याची लेखणी धर्मशास्त्राच्या पुढे गेली असे म्हणावे लागते. स्त्रीपात्रे जवळजवळ नाहीतच, आणि जी दोन आहेत ती शेवटच्या भागात येतात, हे त्याचे उघड उणेपण.

मिलरच्या चरित्रातील एक गोष्ट टाळून चालणार नाही. पत्नीच्या निधनानंतर थोड्याच काळाने, जानेवारी १९९६ मध्ये, त्याने स्वहस्ते आपले जीवन संपविले. झेर्चीच्या मुखातून वेदना सोसण्याचा आग्रह ज्याने वदविला त्याचा हा अंत पाहून काहींनी ग्रंथासच खोटे ठरविले. आम्ही तसे करणार नाही. अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २२८३) स्पष्ट सांगितले आहे. त्या पानांचे वजन आम्हांस आता अधिकच जाणवते.

सोबतीस वाचावयाच्या ग्रंथांत 'अर्थ अबाइड्स' प्रथम. यात युद्ध नाही. रोगाने माणसे मरतात. ईश नावाचा नायक विद्यापीठाचे विशाल ग्रंथालय जसेच्या तसे राखतो, मुलांना तेथे जाण्याची बंदी घालतो, आणि वाचनाची गोडी लागलेला एकच मुलगा विषमज्वराने दगावतो. पुस्तके शाबूत, वाचणारा नाही. अखेर ईश मुलांना धनुष्यबाण करावयास शिकवितो. म्हातारपणी त्याने उत्तर दिले नाही तर ती त्यास चिमटे काढतात. हे वाचताना आम्हांस फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण झाली. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले गेले, आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मानही निघाले. तरी ग्रंथ राहिला, तो लोकांनी हाताने उतरून घेतला व मोठ्याने म्हटला म्हणून. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे त्याची मुद्रित आवृत्ती सिद्ध झाली. ईशच्या कुलूपबंद ग्रंथालयात आणि त्या ओवी म्हणणाऱ्या घरांत काय अंतर आहे, हे सांगावयास नको.

'अर्थ अबाइड्स' हे नाव उपदेशकाच्या पहिल्या अध्यायातून घेतले आहे, आणि ब्रॅडबरीचा नायक माँटॅग जे मुखोद्गत राखतो तेही उपदेशकाचेच पुस्तक. पॅट फ्रँकच्या 'अलास, बॅबिलॉन' (१९५९) चे नाव प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायातले. पुस्तक वाचनीय, परंतु खोल नाही. जॉन विंडमच्या 'द क्रिसालिड्स' (१९५५) मध्ये शारीरिक व्यंगास पाप ठरविणारा एक कडवा धर्मसमाज आहे. आपल्या लोकांस तो टोचेल, म्हणून वाचावा. कॉर्मक मॅकार्थीच्या 'द रोड' (२००६) मध्ये पितापुत्र राखेतून चालत राहतात. जपण्यास ग्रंथ उरलेला नाही, फक्त तो मुलगा आहे.

रसेल होबनची 'रिडली वॉकर' (१९८०) मोडक्यातोडक्या, भविष्यातील कल्पित इंग्रजीत लिहिलेली असल्याने वाचण्यास अतिशय कठीण. कँटरबरीच्या प्रधान मंदिरातील संत युस्टेसच्या भित्तिचित्राची माहिती देणारा एक कागद हजारो वर्षांनी लोकांच्या हाती लागतो, आणि त्यातून ते भलताच अर्थ काढून बंदुकीची दारू पुन्हा शोधतात. लीबोविट्झच्या यादीचे हे काळे भावंड होय. इंग्रजीवर ज्यांचे चांगले प्रभुत्व असेल त्यांनीच ती हाती घ्यावी, आणि मोठ्याने वाचावी. अर्थ कानाला आधी कळतो.

मिलरच्या मृत्यूनंतर १९९७ साली 'सेंट लीबोविट्झ अँड द वाइल्ड हॉर्स वुमन' ही त्याची अपुरी राहिलेली कादंबरी टेरी बिसन यांनी पूर्ण करून प्रसिद्ध झाली. तिचे कथानक पहिल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागानंतरच्या काळात घडते. ती लांबली आहे, राजकारणात गुरफटली आहे, आणि तिच्यात फ्रान्सिस नाही. पहिली आवडली म्हणून लगेच दुसरी मागविण्याची घाई करू नये.